सतरा नंबरची कांडी

१

धातुतज्ज्ञ तोमोए निवा सोमवारी सकाळी चाचणीघरात शिरली, तेव्हा हागिवारा सतराव्या यंत्रासमोर टोपी काढून उभे होते. चाचणीघर सांभाळणारे हे सत्तरीचे गृहस्थ झोपतानाही टोपी काढत नसतील, असं कारखान्यात सगळे गमतीने म्हणायचे. त्यामुळे काय घडलंय हे तिला त्यांच्या टकलावरूनच कळलं.

"तुटली?"

"काल दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. घड्याळ बघ ना."

यंत्राची तरफ खाली आली होती आणि वजनं वाळूच्या पेटीत टेकली होती. चाचणीचे तास मोजणाऱ्या घड्याळावर आकडा थिजला होता: दोन लाख एकोणपन्नास हजार बारा तास.

उत्तर जपानमधल्या मुरोरानच्या बंदराकाठी असलेल्या या कारखान्यात वीजकेंद्रांसाठी टर्बाइनची पाती ओतली जात. जळत्या वायूच्या झोतात गरगरत ते पातं वर्षानुवर्षं टिकलं पाहिजे. ते टिकेल की नाही हे सांगायचा खात्रीचा मार्ग एकच. त्याच मिश्रधातूची करंगळीएवढी कांडी नऊशे अंशांच्या भट्टीत टांगायची, तिला ओझं द्यायचं आणि वाट बघायची. तापलेला धातू ओझ्याखाली डोळ्याला दिसणार नाही इतका हळू लांबत जातो आणि एक दिवस तुटतो. साधं पोलाद तिथे एक दुपारही टिकलं नसतं. सतरा नंबरची कांडी १९९७ च्या सप्टेंबरात टांगली होती. टांगताना ओझ्याचा दांडा हागिवारांनी धरला होता आणि बटण दाबलं होतं उत्सुमी सेन्सेईंनी, म्हणजे सगळ्यांच्या गुरुजींनी. मिश्रधातू त्यांचाच होता. सेन्सेई जाऊन आता सात वर्षं झाली होती.

अजून एक्केचाळीस दिवसांनी अडीच लाख तास भरणार होते. त्या आकड्याच्या भरवशावर वीज कंपन्या ही पाती ठरलेल्या मुदतीपुढे आणखी आठ वर्षं चालवणार होत्या. त्या दिवसाच्या सोहळ्यासाठी पाहुण्यांना आमंत्रणं गेली होती.

"कुणी केलं हे?" मागून आवाज आला. टोकियोहून दोन वर्षांपूर्वी आलेला व्यवस्थापक ओकित्सु दारात उभा होता, कोटावरचा बर्फही न झटकता.

"कांडी आहे, साहेब. कधीतरी तुटायचीच," हागिवारा म्हणाले.

"नेमकी एक्केचाळीस दिवस आधी? आणि नेमकी रविवारी?" ओकित्सुने हातातली फाटकावरची नोंदवही उघडली. "काल दुपारी इथे कोण होतं, बघा. मिनेगिशी. आजपासून त्याने या इमारतीत पाऊल ठेवायचं नाही. आणि निवा-सान, गुरुवारी मुख्य कचेरीतले लोक येतायत. तोवर मला उत्तर हवंय."

२

मिनेगिशी कँटीनच्या कोपऱ्यात गार झालेल्या नूडल्सकडे बघत बसला होता. एकोणतीस वर्षांचा हा संशोधक हुशार होता, पण जिभेला हाड नव्हतं. वर्षअखेरच्या मेजवानीत दोन पेले पोटात गेल्यावर तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "ती सतरा एकदाची तुटली की मी सुटलो!"

"मला फासावर द्यायला आलात का, निवा-सान?"

"आधी नूडल्स संपव. उपाशी माणूस खोटं जास्त बोलतो." तोमोए समोर बसली. "काल काय करत होतास?"

"तेविसाव्या यंत्रावर माझी कांडी आहे. तिचा आकडा घेतला नि तीनला निघालो."

"आणि हे?" तिने त्याची वही पुढे सरकवली. त्यात त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'सतरा, एप्रिलपासून माझी.'

त्याचे कान लाल झाले. "हो, लिहिलंय. माझा नवा मिश्रधातू दोन वर्षं कपाटात पडून आहे. भट्टी रिकामी होईल तेव्हा ना! मार्चमध्ये सतरा उतरवणार होते, म्हणून लिहिलं. पण आजी जायची वाट बघणं वेगळं आणि तिच्या तोंडावर उशी दाबणं वेगळं."

"हे शेवटचं वाक्य ओकित्सु-सानना ऐकवू नकोस."

"त्यांनाच विचारा की! काल मी निघालो तेव्हा ते चाचणीघरात होते. सतरा आणि अठराच्या मधे गुडघ्यावर बसलेले, यंत्राखाली हात घालून."

"ओकित्सु? पण वहीत त्यांचं नाव नाही."

"वही कोण ठेवतं? व्यवस्थापकाला फाटकावर नाव विचारायची हिंमत कुणात आहे?"

३

ओकित्सुने नाकारलं नाही. खोलीचं दार लावलं, टेबलाच्या खणातून मोजपट्टी काढली आणि ती दोघांच्या मधे ठेवली.

"जमिनीची मापं घेत होतो. मुख्य कचेरीला इथे धातूच्या भुकटीतून पाती छापणारी यंत्रं बसवायचीत. चाळीस भट्ट्या रात्रंदिवस पेटत्या ठेवणं त्यांना जुनाट वाटतं. सोहळ्यानंतर सांगणार होतो." त्याने मोजपट्टी सरळ केली. "हागिवारा-सानसमोर मोजायला जीव धजेना. म्हणून रविवारी आलो."

"आणि सतरा तुटली, तेव्हा?"

"मागे धाडकन आवाज झाला. वळून पाहिलं तर तरफ खाली. निवा-सान, मी पळालो. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, चोरासारखा पळालो. यंत्राला धक्का लागला की काय, या भीतीनं मला काल झोप नाही."

म्हणून मिनेगिशीचा बळी द्यायला निघाला होतास होय, असं तोमोएच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं आणि चाचणीघर गाठलं. तापमानाचा कागदी आलेख तिने बोटाने हात-हात मागे तपासला. रेघ ताणलेल्या दोरीसारखी सरळ होती, नऊशे अंशांवर एक अंश इकडे की तिकडे. भट्टीची आच कुणी वाढवली नव्हती. वजनांवरची शिशाची मोहर शाबूत होती, तेव्हा ओझंही कुणी वाढवलं नव्हतं. यंत्राला धक्का लागला असता, तर लांबी मोजणारी सुई उडाली असती. तीही शेवटच्या क्षणापर्यंत शांत होती.

"म्हणजे आपणहून गेली," हागिवारा म्हणाले. ते दिवसभर त्या यंत्राजवळून हलले नव्हते. "म्हातारी झाली होती बिचारी. मिनेगिशीला परत बोलव. आणि ती कांडी दे माझ्याकडे, डबीत ठेवतो."

"आधी कापून बघते."

"नको गं." त्यांनी चटकन तिचं मनगट धरलं. तेहतीस वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. "अठ्ठावीस वर्षं जळलीय ती. आता तरी कापू नकोस तिला."

तोमोएने त्यांच्या हातांकडे पाहिलं. ती चोवीस वर्षांची पोर म्हणून इथे आली, तेव्हा धातू घासून आरशासारखा कसा करायचा, हे याच हातांनी तिला शिकवलं होतं. पण गुरुवार जवळ येत होता, आणि मिनेगिशी घरी बसला होता.

"माफ करा, हागिवारा-सान," ती म्हणाली आणि कांडीचे दोन्ही तुकडे घेऊन गेली.

४

मंगळवारी तिने तुकडा उभा चिरला, घासला, चकचकीत केला, क्षणभर आम्लात बुडवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

आधी तिला वाटलं, चुकीचा तुकडा उचलला.

ओतलेला धातू थंड होताना त्यात हजारो कण जमतात आणि साखरेच्या पाकात चिकटलेल्या दाण्यांसारखे एकमेकांना धरून बसतात. एरवी हे जोड मजबूत असतात. पण प्रचंड उष्णतेत, ओझ्याखाली, सर्वांत आधी सुटतात ते हेच. म्हणून उत्सुमी सेन्सेईंनी आयुष्याची वीस वर्षं एका गोष्टीपायी घालवली होती. साच्याचा तळ आधी गार करायचा, धातू इंचाइंचाने वर गोठवायचा आणि अख्खी कांडी एकाच कणाची करायची. मग जोडच नाही, तर सुटणार काय? सतरा नंबरची कांडी अशी होती, एकसंध, टोकापासून टोकापर्यंत एकच स्फटिक.

काचेखालच्या तुकड्यात मात्र कण होते. शेकडो. भेगाळलेल्या शेतासारख्या त्यांच्या सीमा स्वच्छ दिसत होत्या, आणि कांडी तुटली होती ती बरोबर त्यांच्या कडेने.

तोमोएने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

कुणी सतराला मारलं नव्हतं. रविवारी जी तुटली, ती सतरा नव्हतीच.

५

मग सतरा कुठे गेली? आणि ही परकी कांडी तिच्या जागी कधीपासून जळत होती?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर धातूच्याच पोटात होतं. बुधवारी सकाळी तिने तुकडा मोठ्या, इलेक्ट्रॉनच्या सूक्ष्मदर्शकात घातला. या मिश्रधातूच्या आत, निकेलच्या मऊ पसाऱ्यात, निकेल आणि अ‍ॅल्युमिनियमचे कठीण घन खेटून बसलेले असतात, केसाच्या जाडीच्या दोनशेव्या हिश्शाएवढे. तापलेला धातू वाकतो तो त्याच्या अणूंच्या रांगा सरकतात म्हणून. त्या रांगा या घनांपाशी येऊन अडतात. मौजेची गोष्ट अशी, की उष्णता वाढली की इतर धातू ढिले पडतात, पण हे घन एका मर्यादेपर्यंत उलट जास्तच हट्टी होतात. सगळी ताकद त्यांच्यात.

पण काळ त्यांनाही सोडत नाही. वर्षानुवर्षांच्या उष्णतेत मोठे घन लहानांना गिळतात, शेजारच्याला मिळतात, चपटे होत पाटांसारखे पसरतात. पाट किती जाड झाला, यावरून धातूने किती काळ आग सोसली ते सांगता येतं. तोमोएच्या कपाटात याच मिश्रधातूचे, याच तापमानाला ठेवलेले तुकडे होते, दोन वर्षांचा, पाच वर्षांचा, दहा वर्षांचा. तिने तीनशे पाट मोजले, जुन्या तुकड्यांशी ताडून पाहिले आणि पुन्हा मोजले. ही कांडी पाच वर्षांपेक्षा जुनी होती नि दहांपेक्षा नवी. सात वर्षं, फार तर साडेसात.

कांडी बदलायची तर भट्टी पूर्ण गार झाली पाहिजे. अठ्ठावीस वर्षांत सतरावी भट्टी कितीदा गार झाली होती? तिने जाडजूड नोंदवह्या काढल्या. एकदाच झाली होती, सहा सप्टेंबर २०१८ ला.

तो दिवस ती विसरणं शक्य नव्हतं. भूकंपाच्या त्या पहाटे अख्ख्या होक्काइदोची वीज गेली होती. नोंदवहीत ओळखीच्या अक्षरात एकच ओळ होती: 'वीज गेली. एकतीस तास भट्टी थंड. पुन्हा सुरू.' त्यानंतर कांडीच्या लांबीचे आकडे पूर्वीपेक्षा किंचित भरभर वाढत होते. सात वर्षं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. भूकंपाचा परिणाम म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं, तिनेसुद्धा.

तेव्हा मिनेगिशी सेंदाईला कॉलेजात होता आणि ओकित्सु टोकियोत. ती स्वतः म्हाताऱ्या आईला घेऊन टेकडीवरच्या शाळेत दोन दिवस बसून होती. चाचणीघराची किल्ली एकाच माणसाकडे होती.

तोमोएने नोंदवही मिटली. 'कापू नकोस तिला' हे शब्द मायेचे होते, यात तिला अजूनही शंका नव्हती. फक्त त्या मायेला भीतीचं अस्तर होतं, एवढंच तिला कळलं नव्हतं.

६

ती बोलायच्या आधीच हागिवारांनी तिचा चेहरा वाचला. ते आपल्या कपाटाकडे गेले, मागच्या कोपऱ्यातून चहाचा डबा काढला आणि तिच्यापुढे ठेवला. आत कापसात कांडीचे दोन तुकडे होते.

"हीच सतरा," ते म्हणाले. "भूकंपाने तुटली नाही गं ती. माझ्या हाताने तुटली."

"काय झालं, सांगाल?"

"सायकलला टॉर्च बांधून आलो. बाकीच्या कांड्या सुखरूप होत्या. सतराची तरफ उडून अडकली होती. पण कांडी अखंड! एकवीस वर्षं आगीत उभी राहिलेली बाई, भूकंपाला घाबरते होय! तरफ सोडवायची तर आधी कांडी मोकळी करायला हवी होती. आटे जाम झालेले. थांबायला हवं होतं. कुणाला तरी बोलवायला हवं होतं." त्यांनी हवेत मनगट वळवलं. "मी पाना लावला आणि जोर दिला. टक्. एवढाच आवाज."

"मग तेव्हाच सांगायचं."

"सेन्सेई दवाखान्यात होते. पोटाचा कर्करोग. मी रोज सकाळी त्यांना भेटून कामावर यायचो. ते रोज एकच विचारायचे. जेवण नाही, औषध नाही, बायको नाही. 'हागिवारा, सतरा टिकून आहे ना?' त्या दिवशी काय सांगू त्यांना? तुमची सतरा मी मोडली?" त्यांनी डब्याचं झाकण उगाच फिरवलं. "त्याच ओतीतली एक बाद कांडी खणात होती. एकसंध न झालेली. ती चढवली. म्हटलं, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, सेन्सेई गेले की सांगून टाकू. नोव्हेंबरात ते गेले. आणि शोकसभेत कंपनीच्या अध्यक्षांनी जाहीर केलं, सेन्सेईंच्या स्मरणार्थ सतराला अडीच लाख तासांपर्यंत नेणार. लोक रडत होते, तोमोए. मी उठूच शकलो नाही."

"अडीच लाख भरले असते तर? त्या खोट्या आकड्यावर आठ-आठ वर्षं जास्त पाती फिरली असती. एखादं सुटलं असतं, तर समोर माणसं असतात हो."

"म्हणून तर मी रोज इथे उभा असायचो." हागिवारांनी मान खाली घातली. "सोहळ्याच्या आदल्या दिवशी सांगणार होतो. ते गेल्या वर्षीही ठरवलं होतं, त्याच्या आदल्या वर्षीही. रविवारी ती तुटली ना, तेव्हा मला आधी रडू आलं. आणि मग, खरं सांगतो, हायसं वाटलं."

तोमोएने डब्यातला एक तुकडा उचलून उजेडात धरला. तुटलेलं तोंड पिळवटलेलं होतं, ओली फांदी पिळून मोडावी तसं.

"ही माझ्याकडे राहू दे," ती म्हणाली. "आणि उद्या तुम्ही स्वतः बोलायचं. मी शेजारी बसेन."

७

गुरुवारी मुख्य कचेरीतल्या तिघांसमोर हागिवारा उभे राहिले आणि काही हातचं न राखता सगळं बोलले. मग तोमोएने आदल्या संध्याकाळी काढलेले फोटो टेबलावर पसरले. खऱ्या सतराचे ते फोटो होते. एकवीस वर्षांच्या आगीनंतर आतले घन पाटांसारखे पसरले होते, पण पाट सलग होते. पोकळी नव्हती की भेग नव्हती. कांडी थकून तुटली नव्हती, पिळून मोडली होती. अजून किती वर्षं तिने काढली असती, ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

"मग आपण काय म्हणू शकतो?" तिघांपैकी एकाने विचारलं.

"एक लाख चौऱ्याऐंशी हजार तास," तोमोए म्हणाली. "त्यापुढे एक तासही नाही. आज फिरणारी पाती याच्या निम्म्याच वयाची आहेत, त्यांना धोका नाही. पण आठ वर्षांची वाढ मागे घ्यावी लागेल."

ती मागे घेतली गेली. वीज कंपन्यांना पत्रं गेली, सोहळा रद्द झाला, आणि हागिवारांना त्याच दिवशी घरी जायला सांगितलं गेलं. निरोपाची मेजवानी नाही की फुलं नाहीत. ओकित्सुने मिनेगिशीला बोलावून सगळ्यांदेखत कमरेत वाकून माफी मागितली. मिनेगिशीने ती घेतली आणि, जिभेला हाड नसल्यामुळे, म्हणाला, "ठीक आहे, पण पुढच्या वेळी पळालात तर निदान दिशा तरी सांगा." ओकित्सु आधी दचकला, मग हसला. त्या चाळीस भट्ट्यांचं काय करायचं, हे मात्र त्या दिवशी काही ठरलं नाही.

शनिवारी तोमोए हागिवारांना घेऊन उत्सुमी सेन्सेईंच्या घरी गेली. उतारावरचं लहानसं घर, खाली समुद्र. सेन्सेईंच्या पत्नी आता ऐंशीच्या होत्या. कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाच्या, रजईखाली पाय घेऊन त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मधे एकदा फक्त हागिवारांचा गार झालेला चहा बदलला.

"वहिनी," हागिवारा रजईकडे बघत म्हणाले, "सेन्सेईंशी मी शेवटपर्यंत खोटं बोललो. मला माफ करा."

बाईंनी थोडा विचार केला. "ती सहा तारीख ना? तुम्ही दुपारी आला होतात. टोपी वाकडी, हातभर काळं. ते पलंगावर उठून बसले होते."

"हो. त्यांनी विचारलं, सतरा टिकून आहे ना? मी म्हटलं, आहे."

"आणि तुम्ही गेल्यावर ते म्हणाले, हागिवारा आज दमल्यासारखा दिसतोय. त्यानंतर नोव्हेंबरपर्यंत तुम्ही रोज आलात. परत एकदा तरी विचारलं का त्यांनी?"

हागिवारांनी मान वर केली. ते एकेक दिवस आठवून पाहत होते, हे तोमोएला दिसत होतं. पलंग, खिडकी, सोललेली सफरचंदं, बेसबॉलच्या गप्पा. त्या दोन महिन्यांत सेन्सेईंनी सतराचं नाव एकदाही काढलं नव्हतं.

"मला तेव्हा वाटलं, त्यांची काळजी मिटली," बाई म्हणाल्या. "आता कळतंय. तुम्हाला परत खोटं बोलावं लागू नये, म्हणून ते गप्प राहिले."

हागिवारांनी टोपी तोंडावर धरली होती आणि त्यांचे खांदे हलत होते. शेवटी टोपीच्या आतूनच त्यांनी विचारलं, "मग मी सात वर्षं हे सगळं कुणासाठी केलं, वहिनी?"

"माझ्यासाठी," बाई म्हणाल्या आणि मोसंबीची टोपली त्यांच्याकडे सरकवली. "सतरा टिकून आहे, हे मला खरं वाटत होतं ना."